ग्रीसची डबी

एका तालुक्याच्या गावात एक आयटीआय होतं आणि तिथे फिटरच्या वर्गात सुमित्रा घोलप नावाची बाई शिकत होती. वय छत्तीस. अर्धं आयुष्य पिठाच्या गिरणीत गेलेलं. गिरणीचा पट्टा निसटला तर मिस्त्रीची वाट न बघता स्वतःच बसवायची. 'एवढं येतंय तर रीतसर शीक की,' असं कुणीतरी म्हणालं आणि ही खरंच वर्गात येऊन बसली. बाकीची पोरं अठरा-एकोणीसची. आधी हसली, मग ताई म्हणायला लागली.

शेवटच्या परीक्षेला लिफ्टच्या कारखान्याचे फोरमन मुजावरसाहेब येणार होते. त्यांच्याकडे नोकरी एकच. या वयात दुसऱ्यांदा कोण विचारतंय? सुमित्राला ती नोकरी हवी होती, मनापासून हवी होती, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

परीक्षा ऐकायला सोपी. लोखंडाचे दोन तुकडे कानशीने घासायचे, एकाला खाच, दुसऱ्याला तिच्यात बसणारी जीभ. एकमेकांत बसवून उजेडाला धरायचे. मधून उजेड दिसला की काम कच्चं.

आता या वर्गाची एक जुनी चाल होती. ग्रीसमध्ये लोखंडाचा कीस कालवायचा आणि फटीत भरायचा. उजेड बंद, मार्क पक्के. दर वर्षीची पोरं पुढच्या पोरांना हे शिकवून जात. अभ्यासक्रमात नसलेला हा एकच धडा सगळ्यांना तोंडपाठ होता.

परीक्षेत सुमित्राची कानस डाव्या कोपऱ्यात जरा जास्त चालली. तुकडे उजेडाला धरले तर मधे फट. वेळ संपत आलेली. शेजारच्या प्रज्योतने ग्रीसची डबी तिच्याकडे सरकवली.

"भरा की ताई. झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने बोट डबीत घातलंसुद्धा. मग थांबली. पट्ट्यातला दोष लपवला की कुणाचा तरी हात जातो, हे तिने गिरणीत डोळ्यांनी पाहिलं होतं. तिने बोट चिंधीला पुसलं.

मुजावरसाहेब तुकडे गोळा करत आले तेव्हा ती म्हणाली, "साहेब, माझ्या डाव्या कोपऱ्यात फट आहे. कानस जास्त फिरली."

"बरं," एवढंच ते म्हणाले. मग त्यांनी घमेलंभर रॉकेल मागवलं आणि सगळ्यांचे तुकडे त्यात बुडवून ब्रशने घासले. तेही असल्याच वर्गातून पुढे गेलेले होते. ग्रीस निघून गेलं आणि प्रत्येकाच्या तुकड्यातून उजेड दिसायला लागला.

नोकरीसाठी साहेबांनी सुमित्राचं नाव घेतलं. प्रज्योतला राहवलं नाही.

"साहेब, ताईंची फट माझ्यापेक्षा मोठी आहे."

"आहे ना," मुजावरसाहेब म्हणाले. "कानस कशी चालवायची ते मी यांना महिन्याभरात शिकवीन. पण उद्या माणसांनी भरलेल्या लिफ्टमध्ये काही कच्चं राहिलं, तर ते तू मला सांगशील का?"

प्रज्योतने नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलायचं त्याच्याही जिवावर आलं होतं.

तात्पर्य: हात सगळ्यांचेच चुकतात, पण जो आपली चूक आपल्या तोंडाने सांगतो, त्याच्याच हाती लोकांनी जीव सोपवावा.