शिष्याच्या जागी दिवा

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंवर मनातल्या मनात रुसला होता. गुरूंनी केलंच होतं तसं. शिष्याच्या रिकाम्या स्टुलावर त्यांनी एक पिवळा बल्ब आणून ठेवला, पेटवला आणि निघून गेले.

आता यात रुसण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. तर ऐका. हे गुरू परातीएवढ्या तांब्याच्या तबकडीवर हिरकणीच्या टोकानं रेघा कोरणारे. रेघा इतक्या सूक्ष्म, की एका केसाच्या रुंदीत कितीतरी मावाव्यात. अशा तबकडीवर ताऱ्याचा प्रकाश पडला की त्याचे रंग सुटे होतात, म्हणून डोंगरावरची एक वेधशाळा तिची वाट पाहत होती. कोरायचं काम यंत्र करी. हेरंबनं, म्हणजे त्या शिष्यानं, शेजारी बसून लक्ष ठेवायचं. तरी दोन तबकड्या वाया गेल्या. उन्हात धरल्या तर रंगांमध्ये मधूनमधून काळसर पट्टे! आता शेवटची उरली होती. तीही बिघडली तर ही विद्या आपल्या नशिबी नाही असं समजून घरी जायचं, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. पिशवीसुद्धा भरून ठेवली होती.

बिचाऱ्यानं सगळं तपासलं. हिरकणी झिजली? नाही. यंत्राचा पाया हलतो? छे! जिवाला घोर लागलेला. आत बसवेना म्हणून बाहेर, बाहेर राहवेना म्हणून पुन्हा आत. आणि अशात हा बल्ब! ‘काय दिवे लावलेस!’ असंच गुरुजींना म्हणायचं असणार, दुसरं काय?

वर आज्ञा अशी, "बाहेर येताना बल्ब लावायचा, आत जाताना विझवायचा. विसरू नकोस."

त्यानं निमूटपणे तसं केलं, पण डोकं पार भंजाळून गेलं. रिकाम्या खोलीत दिवा कुणासाठी? आणि माणूस आला की तो विझवायचा कशाला?

शेवटची तबकडी कोरून यंत्रावरून उतरली. अंगणात हेरंबनं ती डोळे मिटूनच उन्हात धरली.

"अरे, बघ तरी," गुरुजी म्हणाले.

भिंतीवर तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंग सलग पसरले होते. हेरंबला रडूच कोसळलं. "गुरुजी, मला वाटलं तुम्ही टोमणा मारलात."

"टोमणा मारायला मला तोंड आहे की!" गुरुजी हसले. "तू आत बसलास की तुझ्या अंगाची ऊब खोलीत भरते, तांबं कणभर फुगतं. तू उठलास की आकसतं. तुझ्या प्रत्येक येरझारीला रेघा सरकत होत्या. त्या बल्बची ऊब साधारण तुझ्याएवढी. तू गेलास हे तांब्याला कळलंच नाही."

"म्हणजे मी आत जायलाच नको होतं?"

"तसं नव्हे रे. ऊब नडली नाही, तिची ये-जा नडली. माणसांचंही तेच. आज जीव लावायचा आणि उद्या पाठ फिरवायची, याचे चरे पडतात." गुरुजींनी तबकडी त्याच्या हातातून घेतली. "ती पिशवी मी पाहिली आहे, हेरंब. तांब्यासाठी बल्ब मिळाला. तू गेला असतास तर माझ्यासाठी काय आणून ठेवणार होतास?"

हेरंबनं आपल्या खोलीवर जाऊन पिशवी रिकामी केली, आणि यंत्रापाशी परत येऊन, बल्ब विझवून बाजूला ठेवला आणि आपल्या स्टुलावर बसला.