जावयाला न दिलेलं कणीस

एका गावात एक बाई राहायची आणि चिकट म्हणून तिची कीर्ती पार नदीपलीकडे पोचलेली होती. नाव तिचं सारजा. लहानसं वावर, एक विहीर आणि एकुलती एक लेक, एवढाच तिचा पसारा. ही चिकट बाई वाटसराला हाक मारून त्याच्या उपरण्यात काकड्या बांधायची, शेजारणीच्या बाळंतपणात घरची भाजी पुरवायची. तरी लोक तिला चिकटच म्हणत, आणि तेही मक्याच्या कणसापायी.

त्या गावाची एक रीत होती. मका भरला, की वावरातलं सगळ्यात टपोरं कणीस पाहुण्याला भाजून द्यायचं. ज्याचं कणीस मोठं, त्याची मान ताठ. चांगली चांगली कणसं अशी पाहुण्यांच्या पोटात जायची आणि मागे जी किरटी उरायची, तीच पुढच्या साली बियाणं म्हणून मातीत पडायची. तेव्हा बी काही दुकानात मिळत नसे. त्यामुळे गावातली कणसं वर्षागणिक आखडत चालली होती. कुणी म्हणे, जमीन थकली. कुणी म्हणे, दृष्ट लागली. पाहुणचाराला दोष देण्याची मात्र कुणाची छाती नव्हती.

सारजा मका उभा असतानाच वावरात शिरायची. उकिरड्याशेजारचं कणीस कितीही मोठं असलं तरी ती त्याकडे बघायची नाही. "त्याला फुकटचं खत घावलं, त्यात त्याचं काय कवतिक?" म्हणायची. वावराच्या मधोमध, बाकीच्यांइतकंच खाऊनपिऊन जे ताट जाड बुंध्यानं उभं असेल आणि ज्याचं कणीस शेंड्यापर्यंत पाल्यात नीट झाकलेलं असेल, अशा निवडक ताटांना ती जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधायची. ती कणसं बियाण्याची. मग ती देवाच्या नैवेद्यालाही मिळत नसत.

लेकीचं लग्न झालं आणि मका दुधात आला असताना जावई लेकीला घेऊन पहिल्यांदाच सासुरवाडीला आला. सारजानं पुरणपोळीचा घाट घातला. संध्याकाळी सगळे वावरात फिरायला गेले, तर जावई नेमका एका चिंधीवाल्या ताटापाशी थांबला.

"मामी, ह्ये कणीस लई झ्याक हाय. ह्येच भाजू या!"

सारजा हळू आवाजात म्हणाली, "जावईबापू, दुसरं कंचंबी घ्या. समदं वावर तुमचंच हाय. पर ह्ये कणीस माझंसुदिक न्हाई. ते फुडल्या सालाचं हाय."

बांधावरून शेजारी ओरडला, "अवं सारजावैनी, जावयाला का कुणी न्हाई म्हणतं? एका कणसानं भिकेला लागताय व्हय?"

"भावजी, आज जावयाला दिलं, की उद्या व्याह्यांना, परवा पाटलांना. मग चिंध्या बांधायच्या तरी कशाला?"

जावयाचं तोंड एवढंएवढं झालं. "जिथं जावयापरीस कणीस थोर, तिथं आपलं काय काम?" म्हणत त्यानं पुरणपोळीला न शिवताच गाडी जुंपली. गाडीत बसताना लेक रडत रडत म्हणाली, "आई, एका कणसापायी माझं म्हायेर तोडलंस गं!"

सारजा एकटीच वावरात उरली. तिचा हात त्या कणसावर गेला. एक पीळ दिला असता तर ते हातात आलं असतं, आणि गाडी अजून ओढ्यापलीकडे गेली नव्हती. पण तिनं हात मागे घेतला आणि तिथंच सरीत बसून ती मोकळ्यानं रडली. असं रडू येत असताना हात मागे घेणं सोपं नाही. मला तर नसतं जमलं!

दिवाळीला लेक आली नाही. संक्रांतीलाही नाही. कणसं वाळल्यावर सारजानं ती चुलीवर, धुराच्या वाटेला टांगली, म्हणजे किडा लागत नाही. पेरणीच्या वेळी टोकाचे आणि बुडाचे दाणे बाजूला काढून मधले टपोरे तेवढे पेरले.

त्या साली मका तुऱ्यावर आला आणि पावसानं दडी मारली. गावातल्या किरट्या बियाण्याच्या ताटांनी माना टाकल्या. ज्यांनी भाजीच्या कडेनं मक्याची एकच ओळ लावली होती, त्यांची कणसं म्हातारीच्या बोळक्यासारखी निघाली. तुऱ्यांवरची भुकटी वाऱ्यानं भलतीकडेच नेली होती, मग दाणे भरणार कुठून? सारजाच्या ओळी एकमेकींना लागून होत्या, त्यामुळे एका ताटाची भुकटी शेजारच्या कणसाच्या केसांवर पडत होती. मधे चवळी होती. खाली भोपळ्याच्या वेलांनी माती झाकलेली, म्हणून ओल टिकली. सारजाचा मका भरला.

तोच शेजारी बांधावर येऊन डोकं खाजवू लागला. "वैनी, तुमच्या वावरावर आभाळ येगळं हाय का काय?"

"आभाळ त्येच हाय, भावजी. बी निवडल्यालं हाय."

एवढंच बोलून तिनं पुढच्या पेरणीला त्याच्या ओंजळीत बी घातलं. गावातलं जे जे दारात आलं, त्याला दिलं. टोमणा कुणालाच मारला नाही. बाईचं मनच तेवढं मोठं होतं.

मका जावयाचाही करपला होता. पेरणी तोंडावर आली तेव्हा तो मान खाली घालून दारात उभा राहिला. मागून लेक गाडीतून उतरली आणि आईच्या गळ्यात पडली. सारजानं जुनी गोष्ट काढलीच नाही. निवडीतलं निवडक बी जावयाच्या पदरात घातलं, ओळी कशा धरायच्या आणि ताटं कशी पारखायची ते समजावलं, पण त्याआधी जेवायला बसवलं.

पुढे मका भरल्यावर सारजा लेकीकडे गेली. जावयाचं वावर बघून तिची छाती भरून आली. मधोमध एका ताटाला धोतराची चिंधी बांधलेली होती. सारजाला खोडी सुचली.

"जावईबापू, भूक लागली बगा. तेवढं कणीस भाजून द्या की!"

जावई गडबडला. त्यानं कणसाकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. मग तो पुढे झाला आणि कणसाला पाठीशी घालून उभा राहिला. "मामी, पाया पडतो. दुसरं कायबी मागा. ह्ये न्हाई मिळायचं."

सारजा मटकन बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा लेकीला जवळ ओढून म्हणाली, "बाय माझे, आता मला तुझी काळजी न्हाई."

तात्पर्य एवढंच: उत्तम खाऊन उरलेलं जो पेरतो, त्याच्या वाट्याला उरलंसुरलंच येतं, म्हणून पहिला मान बियाण्याचा, मग पाहुण्याचा.