चिचूबाईची तीनचाकी

उसाच्या शेतात एक सरी. सरीत एक बीळ. बिळात राहायची एक चिचुंदरी. तिचं नाव चिचूबाई. अंग एवढंसं, नाक हे एवढं लांब, आणि घाई मात्र गाडाभर.

चिचूबाईला एक पोर. त्याचं नाव गब्दू. गब्दू गोल, गब्दू जाड. गब्दूला चालता येत नव्हतं. तोंडात धरून न्यावा, तर तो उचलवत नव्हता. मग चिचूबाई काय करायची? गब्दूला करवंटीत बसवायची आणि करवंटी ओढायची. खर्रर्र खर्रर्र.

एके सकाळी करवंटी दगडावर आपटली. फट्ट! एक तुकडा इकडे, एक तुकडा तिकडे, मधे गब्दू.

"असू दे," चिचूबाई म्हणाली. "आज आपल्याला कुठं जायचंय?"

तेवढ्यात बांधावरून दोन माणसं बोलत गेली.

"आज दिवस मावळताना उसाला पाणी सोडू."

"सोडू की."

चिचूबाईनं ते ऐकलं. पाणी सरीत येणार. सरीतून बिळात येणार. आणि गब्दूला चालता येत नाही! वर बांधावर कोरडं होतं. पण तिथं त्याला न्यायचं कसं?

"गब्दूला गाडी हवी," ती म्हणाली. "बाळा, इथंच दारात बस. हलू नको."

गब्दू बसला. बसायला त्याला छान यायचं.

चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पेरूच्या झाडावर आवाज आला. टकटक टकटक. तिथं होता सुतारपक्षी. झाडाखाली त्याच्या गाड्याच गाड्या.

"सुतारदादा, सुतारदादा, गब्दूला हवी गाडी. द्या ना गाडी!"

"कुठली देऊ? दोनचाकी, तीनचाकी का चारचाकी?"

"चारचाकी द्या. चार म्हणजे जास्त."

"आधी चालवून बघ," सुतार म्हणाला. त्यानं गब्दूच्या जागी एक कच्चा पेरू बसवला.

चिचूबाईनं चारचाकी ढकलली. सरळ गेली, झकास गेली. मग आलं वळण. ठक्क! गाडी अडकली. इकडे होईना, तिकडे होईना.

"आमच्या वाटेवर तर वळणंच वळणं. ही नको."

मग दोनचाकी ढकलली. वळली छान. पण थांबली आणि कलंडली. धुप्प! पेरू मातीत.

"अगं बाई! हा गब्दू असता तर? ही पण नको."

मग तीनचाकी ढकलली. मागे दोन चाकं, घट्ट बसलेली. पुढे एक चाक, वळलं गर्रकन. पेरू जागचा हलला नाही.

"हीच! हीच द्या मला."

"ही खारूताईची. तिनं आधीच सांगून ठेवलीय," सुतार म्हणाला. "तुला दुसरी करतो. फळी आहे, दांडा आहे, मागची दोन चाकं आहेत. पुढचं चाक नाही. चाकं करते कुंभारीण. चाक आण, मग गाडी."

चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

विहिरीच्या भिंतीवर एक माशी मातीची मडकी करत होती. गुंईं गुंईं. कंबर बारीक, तोरा मोठा. तिलाच म्हणतात कुंभारीण.

"कुंभारीणकाकू, कुंभारीणकाकू,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
द्या ना चाक!"

"देते की," कुंभारीण म्हणाली. "पण ही ढेकळं बघ, दगडासारखी. मला हवी मऊ मऊ माती. ती करतं गांडूळ. माती आण, मग चाक."

चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

केळीच्या बुडाशी गांडूळ होतं. सुळसुळ सुळसुळ. त्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं, ते चिचूबाईला कळेना. म्हणून ती मधेच बघून बोलली.

"गांडूळअण्णा, गांडूळअण्णा,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
कुंभारीण म्हणते, माती आण, मग चाक.
द्या ना माती!"

"देतो की," गांडूळ म्हणालं. "पण पोट रिकामं. खाल्ल्याशिवाय माती कशी होणार? पानं असतात शिंप्याकडे. पान आण, मग माती."

चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

लिंबाच्या झुडपात शिंपी पक्षी होता. टुविट टुविट. चोचीत पान, समोर पान, आणि मधे शिवण अर्धवट.

"शिंपीमामा, शिंपीमामा,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
कुंभारीण म्हणते, माती आण, मग चाक.
गांडूळ म्हणतं, पान आण, मग माती.
द्या ना पान!"

"देतो की," शिंपी म्हणाला. "पण दोरा संपला. चोच सोडली की घरटं उसवतं. घरटं शिवून झालं की उरलेलं पान तुझं. दोरा असतो कोळ्याकडे. दोरा आण, मग पान."

चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पण कुठं निघाली? थेट तळ्यावर! कोळी म्हणजे जाळं. जाळं म्हणजे मासे. मासे म्हणजे पाणी. असा तिनं विचार केला. तळ्याच्या या काठी कोळी नाही. त्या काठी कोळी नाही.

"कुणाला शोधतेस?" बेडकानं विचारलं.

"कोळ्याला! जाळं टाकतो ना तो."

"अगं, तो कोळी नव्हे! आठ पायांचा कोळी. तो तिकडे, कुंपणावर. डराव डराव!" बेडूक पोट धरून हसला.

चिचूबाईला हसू आलं नाही. तिला आली धाप. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. लोक म्हणतात, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. चिचूबाई काही नकटी नव्हती, नाक तर हे एवढं लांब! तरी विघ्नं आपली येतच होती.

ती मागे फिरली. तुरुतुरु तुरुतुरु.

कुंपणावर कोळी बसला होता. गप्प गप्प. जाळ्यावर धूळच धूळ.

"कोळीकाका, कोळीकाका,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
कुंभारीण म्हणते, माती आण, मग चाक.
गांडूळ म्हणतं, पान आण, मग माती.
शिंपी म्हणतो, दोरा आण, मग पान.
द्या ना दोरा!"

"देतो की," कोळी म्हणाला. "पण जाळं बघ किती मळलंय. मळका दोरा देऊ होय? लाज वाटते मला. धुणं करतो परीट. जाळं धुऊन आण, मग दोरा."

त्यानं जाळं गुंडाळून दिलं. चिचूबाई निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

पाटाच्या काठी परीट पक्षी होता. शेपटी वर, शेपटी खाली. धप धप, धप धप.

"परीटभाऊ, परीटभाऊ,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
कुंभारीण म्हणते, माती आण, मग चाक.
गांडूळ म्हणतं, पान आण, मग माती.
शिंपी म्हणतो, दोरा आण, मग पान.
कोळी म्हणतो, जाळं धुऊन आण, मग दोरा.
द्या ना धुऊन!"

"देतो की," परीट म्हणाला. "पण नुसत्या पाण्यानं हा मळ निघतोय होय? फेस हवा, फेस! रिठा आण, मग धुणं."

चिचूबाई निघाली. तुरु... तुरु... तुरु... तुरु... पाय दमले होते.

माळावर एकटंच उभं होतं रिठ्याचं झाड. उंच उंच. म्हातारं म्हातारं.

"रिठेआजोबा, रिठेआजोबा,
गब्दूला हवी गाडी.
सुतार म्हणतो, चाक आण, मग गाडी.
कुंभारीण म्हणते, माती आण, मग चाक.
गांडूळ म्हणतं, पान आण, मग माती.
शिंपी म्हणतो, दोरा आण, मग पान.
कोळी म्हणतो, जाळं धुऊन आण, मग दोरा.
परीट म्हणतो, रिठा आण, मग धुणं.
द्या ना रिठा!"

आणि चिचूबाई वाट बघत बसली. आता आजोबा म्हणणार, अमुक आण, तमुक आण.

टप्प! तिच्या पुढ्यात एक रिठा पडला.

"घे," आजोबा म्हणाले.

"आणि मी काय आणू?"

"काही आणू नको. आधी घे. तुझं पोर तिथं एकटं बसलंय ना? वरून दिसतंय मला."

चिचूबाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. सबंध दिवसात हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आजोबा, तुम्हाला काहीच नको?"

"एक सांगू? त्या रिठ्यात बी आहे. ते माझं पोर. माझ्या सावलीत ते वाढत नाही, त्याला ऊन हवं. पण मला पाय नाहीत. त्याला नेणार कसं?"

"मी नेईन!" चिचूबाई म्हणाली. "माझ्या पोराला नेईन, तुमच्याही पोराला नेईन. गाडी मिळू दे फक्त."

"मग पळ."

चिचूबाई पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

रिठा दिला परिटाला. परिटानं साल घेतली, काळीभोर बी परत दिली. फस फस फेस झाला. परिटानं धुतलं जाळं. धप धप!
जाळं दिलं कोळ्याला. कोळ्यानं दिला दोरा. पांढरा पांढरा!
दोरा दिला शिंप्याला. शिंप्यानं शिवलं घरटं, दिलं उरलेलं पान. टुविट!
पान दिलं गांडुळाला. गांडुळानं खाल्लं पान, दिली माती. मऊ मऊ!
माती दिली कुंभारणीला. कुंभारणीनं केलं चाक. गोल गोल!

"उन्हात वाळव बरं," कुंभारीण म्हणाली. "आणि भिजवू नको. भिजलं की चिखल!"

चिचूबाईनं चाक उन्हात धरलं. उलटं धरलं, सुलटं धरलं. चाक वाळलं. ऊनही संपत आलं.

चाक दिलं सुताराला. टकटक टकटक! झाली गाडी.

मागे दोन, पुढे एक. तीनचाकी! गर्रगर्र, गर्रगर्र!

चिचूबाई बिळाशी आली. गब्दू बसला होता. तिथंच, दारात, जरासुद्धा न हलता. तिनं आधी त्याला हुंगलं. मग पुन्हा हुंगलं. मग गाडीत बसवलं. त्याच्या मांडीवर ठेवली रिठ्याची बी.

आणि तेवढ्यात आलं पाणी! खळखळ खळखळ.

चिचूबाईनं गाडी ढकलली. पहिलं वळण, गर्रकन! दुसरं वळण, गर्रकन! मागे पाणी, खळखळ खळखळ. मातीचं चाक, भिजलं की चिखल! तिसरं वळण, गर्रकन! आता चढ. ढकल चिचूबाई, ढकल! हुश्श... हुश्श... हुश्श!

गाडी बांधावर! चाक कोरडं, बी कोरडी, गब्दूही कोरडा.

खाली सरी पाण्यानं भरली. बीळ बुडालं. चिचूबाईनं बघितलं आणि म्हणाली, "दुसरं करू."

बांधाच्या त्या टोकाला मोकळी जागा होती. दिवसभर ऊन येईल अशी. बी तिथंच पुरायची होती. चिचूबाई जराशी टेकली. दम खाऊन मग निघू, म्हणाली.

गब्दू गाडीतून उतरला. दांडा धरला. उभा राहिला.

"अरे अरे, बस गाडीत!"

"नाही. मी ढकलणार."

"अरे, तुझ्यासाठी केलीय ती! सुतार झाला, कुंभारीण झाली, तळं झालं, माळ झाला..."

"मी ढकलणार."

आता याला काय म्हणावं? चिचूबाई आधी रागावली. मग तिला हसू फुटलं. दिवसभरात पहिल्यांदाच.

गाडीत बसली रिठ्याची बी, एकटीच, ऐटीत. गाडी ढकलली गब्दूनं. एक पाऊल. धुप्प, पडला. उठला. एक पाऊल, अजून एक पाऊल. मग टुक टुक, टुक टुक. मग टुकटुकटुकटुक!

आणि मागून पळत होती चिचूबाई.

"अरे गब्दू, हळू! अरे, हळू चाल ना रे!"