फार गुणी मुलगी

एकदा एका नगरीत एक वृद्ध आचार्य राहत. ते बोलू लागले की झाडावरचे कावळेसुद्धा आपली भांडणं दुसऱ्या दिवसावर ढकलत. कावळ्यांचं मला कुणी सांगितलं ते विचारू नका. आचार्यांचं मात्र खरं धरा.

नगरसभेने त्यांच्यावर एक नाजूक जबाबदारी सोपवली होती. नगराच्या बालगृहातल्या निराधार मुलांना आईबाप मिळवून द्यायचे. रीत अशी होती की मूल आधी ते मागणाऱ्या दांपत्याच्या घरी राहायला जाई. दर बाजारच्या दिवशी दांपत्य त्याला घेऊन आचार्यांकडे येई. आचार्य 'हे मूल तुमचं' म्हणाले, की नगरसभा मान्यता देई. तोवर मूल नगराचं. केव्हाही परत बोलावलं जाईल असं.

मसाल्याच्या एका व्यापाऱ्याकडे अशीच एक लहान मुलगी राहायला गेली. तिचं नाव शेवंती. पहिल्या भेटीत व्यापारी म्हणाला, "आचार्य, मुलगी अतिशय गुणी आहे. वाढलेलं मुकाट्याने खाते."

"वस्तू जिथली तिथे ठेवते," पत्नीने भर घातली. "घरात आवाज म्हणून नाही हो तिचा."

शेवंती हाताची घडी घालून बसली होती. तिने हळूच विचारलं, "मी पाणी पिऊ का?"

आचार्यांनी तिला पाणी दिलं आणि म्हणाले, "अजून नाही. पुढच्या बाजाराला या."

दांपत्याला वाटलं, आपलं कौतुक कमी पडलं. पुढच्या खेपेला त्यांनी ते वाढवलं, त्यापुढच्या खेपेला आणखी. शेवटी शेवंती इतकी सद्गुणी झाली की नगरातल्या गाई तिच्याकडे शिस्त शिकायला येण्याच्या बेतात होत्या. आचार्यांचं उत्तर मात्र तेच. एकदा परतताना व्यापाऱ्याची पत्नी पायरीवरच पदराने डोळे पुसू लागली. "नेतील हो हिला परत," ती नवऱ्याला म्हणाली.

आचार्यांच्या शिष्याने ते ऐकलं. तो आत येऊन म्हणाला, "आचार्य, इतकी सज्जन माणसं. त्यांना का रडवता? मुलीत काही खोट आहे का?"

"आहे," आचार्य म्हणाले. "ती अजून फार गुणी आहे."

शिष्याला काही उमगलं नाही.

थंडी सरली. एका बाजारच्या दिवशी ते तिघे आले ते फाटकापासूनच वाद घालत. पत्नीचा अंबाडा सुटलेला, व्यापाऱ्याच्या अंगरख्यावर हळद.

"तुम्हीच सांगा हिला काही," पत्नी बसायच्या आधीच बोलू लागली. "कार्टीने शेजारच्या काकूंच्या लोणच्यात मूठभर मिरे ओतले. वर विचारलं तर म्हणते, चव सुधारली."

"मिरे नव्हते, लवंगा होत्या," शेवंती म्हणाली. तिने आचार्यांच्या माठातलं पाणी घेतलं, प्यायली, आणि ओला हात व्यापाऱ्याच्या उपरण्याला पुसला.

"बघा. आणि वेणी घालायला बसली की अर्ध्यात पळते. झोपेत माझ्या गळ्यावर पाय टाकते. जीव नकोसा केलाय हिने."

व्यापाऱ्याने पत्नीला कोपराने ढोसलं. "अगं, कुठे काय बोलतेस?"

आपण कुणासमोर बोलतोय ते पत्नीच्या ध्यानात आलं. तिचा चेहरा उतरला.

आचार्य शांतपणे म्हणाले, "एवढा ताप होत असेल, तर आजच ठेवून घेऊ का बालगृहात?"

"छे, काहीतरीच काय," पत्नीने मुलीला जवळ ओढलं. "तिची दुसरी वेणी राहिलीय अजून. आणि घरी भाकरी कुस्करून ठेवलीय, तिला गार चालत नाही."

"मग लवकर निघा," आचार्य म्हणाले. "हे मूल तुमचं."

ते गेल्यावर शिष्य आचार्यांजवळ आला. "आचार्य, स्तुती केली तेव्हा नकार, आणि तक्रार केली तेव्हा होकार?"

"अरे, पाहुण्यांच्या पोराने भांडं फोडलं तर आपण काय म्हणतो? राहू द्या हो, लहान आहे. लोकांच्या मुलांचं कौतुक करायचं आणि गाऱ्हाणी आपल्या मुलांची सांगायची, ही आपली जुनी खोड. इतके दिवस त्या घरात एक पाहुणी होती आणि दोन यजमान. तिघेही जपून वागत होते. जाच असता तर मूल आक्रसलं असतं. ही तर मोठ्यांचं बोलणं खोडून काढत होती. ज्या घरातून आपल्याला कुणी काढणार नाही, तिथेच मूल लवंगा ओततं."

शिष्य म्हणाला, "माझी आई विहिरीवर साऱ्या बायकांना सांगत असे, की माझ्यासारखं आळशी, खादाड आणि हट्टी पोर पंचक्रोशीत सापडायचं नाही."

"मलाही सांगितलंय तिने," आचार्य म्हणाले. "सांगताना थांबतच नव्हती."

शिष्य हसला आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसला.