काचमाळच्या दारांवरचे ओरखडे

आज पहाटे दार ओरबाडल्याचा आवाज आला आणि तुम्हा पाहुण्यांपैकी कोणीतरी खाट ओढून दाराला लावली. मला बाहेर ऐकू आलं. लाजू नका. आमच्या पूर्वजांनीही हेच केलं होतं, आणि त्यापायी अकरा घरांत दिवा लावायला माणूस उरला नाही. हे दार बघा. गुडघ्याएवढ्या उंचीवर चार ओरखडे. काचमाळावर प्रत्येक दाराला ते आहेत, पण हे दार झिपरू कुंभाराचं आहे. यावरचे ओरखडे खऱ्या नखांचे.

तेव्हा मोठ्या जाळाला तीन पिढ्या उलटल्या होत्या, असं सांगतात. जाळात आभाळ सात दिवस पेटलं म्हणे. शहरं वितळली, हा माळ वितळून काच झाला आणि माळाखाली जमिनीत ती खोल भेग पडली. त्यानंतर जी जनावरं जन्मली त्यांना जुनी नावं पुरेनात. त्यांतलंच एक थंडीत गावात येऊ लागलं. बैलाएवढं, सहा पायांचं, अंगावर काचेचे खवले. पहाटे ते एखादं दार ओरबाडायचं. आतली माणसं अडसर घट्ट करायची, फटींत चिंध्या कोंबायची, आणि ऊन चढेपर्यंत सगळी मेलेली असायची.

दोन हिवाळे असे गेल्यावर गावाने कोंडाई चेटकिणीला बोलावलं. राक्षस मारणारी म्हणून तिचा लौकिक होता. तो अर्धाच खरा. ती आधी राक्षस नीट बघायची. मारायचा की नाही ते मागाहून ठरवायची. मी तिला कुठली पाहायला! पण तिचं नाव घेताना माझा ऊर अजून भरून येतो.

आल्याआल्या तिने विचारलं, "मढ्यांच्या अंगावर घाव कुठं व्हते?" कोणी बघितलंच नव्हतं. भीतीने घाईघाईत पुरून टाकलेली मढी ती.

"बरं, त्याची पावलं दाखवा."

बायकांनी स्वच्छ अंगणं दाखवली. घरात मढं असो की दारात राक्षस, तांबडं फुटायच्या आत झाडून सडा घालायचा ही आमची शिस्त. कोंडाईने कपाळावर हात मारला. "तो येऊन जातो, आन् तुमी त्याच्या मागनं अंगण झाडता व्हय गं?"

तीन दिवस तिने झाडू बंद केला. पाटलाची आई रुसून जेवली नाही म्हणे. कोंडाईजवळ एका भोपळ्यात मंतरलेली राख होती. जिवंत श्वास जिथे फिरला तिथेच ती बसायची. अंगणात राख फुंकताच पावलं उमटली. ती प्रत्येक दारापर्यंत जात, तिथे घुटमळत आणि मागे फिरत. आत एकही नव्हतं. मग मेलेल्यांच्या घरात तिने राख फुंकली, तर ती भुईवर बसेचना. गुडघाभर उंचीवर तरंगत राहिली.

"भेगेतली वाफ भुईतनं वर येतीय," ती म्हणाली. "कोंडलेल्या घरात तीच जीव घेती. खायाला आलेलं जनावर दार वाजवत न्हाई, बाबांनो. ते तुमाला उठवाया येतंय."

कोणाला पटणार? बाहेर निजा म्हणावं, तर बाहेर राक्षस. पुरुषांनी भाले परजले. त्या संध्याकाळी झिपरूच्या घरात राख तरंगली. त्याची मुलगी तीन महिन्यांची होती. तो बाहेर यायला तयार होईना, तेव्हा कोंडाई म्हणाली, "मग मी हितंच निजते, तुझ्या लेकीच्या पाळण्याखाली. दार वाजलं की मी उघडीन. चुकले, तर ते आधी मला खाईल."

पहाटे दार ओरबाडलं. कोंडाई उठली आणि दोन पावलांवर कोसळली. भुईलगत निजल्यामुळे वाफ तिच्याच अंगात जास्त भिनली होती. झिपरूची बायको हलेना. झिपरू अडसराला पाठ लावून उभा राहिला. बाहेर नखं चाललेली, आणि पाळण्यातलं रडणं हळूहळू बारीक होत गेलं. मग थांबलं.

झिपरूने अडसर काढला.

दारात ते उभं होतं. त्याला बघताच ते मागे सरलं आणि त्याने वाट दिली. झिपरूने आधी लेक बाहेर आणली, मग बायको, मग कोंडाई. थंड वारा लागला तशी पोर रडली, आणि भाले घेऊन धावत आलेल्यांचे हात खाली आले. कोंडाईने डोळे उघडले. झिपरू पाया पडू लागला, तर ती पुटपुटली, "ते ऱ्हाऊ दे. पाय सहाच हायेत का, मोज."

पुढे कोंडाई दुसऱ्या गावच्या राक्षसाकडे निघून गेली. जनावर अजून वीस हिवाळे येत राहिलं आणि एका पहाटे आलंच नाही. त्या दिवशी झिपरूची लेक लोखंडी पंजा घेऊन दारं ओरबाडत गावभर फिरली. ती माझी पणजी.

वाफ अजून थांबलेली नाही. आजही थंडीत आमच्यापैकी एकजण पहाटे पंजा घेऊन निघतो, आणि पावलं पाहिल्याशिवाय कोणी अंगण झाडत नाही. दार वाजलं की आतून "कोण?" असं कोणी विचारत नाही. आधी उघडतात.

उद्याही पाळी माझीच आहे. खाट जागेवर ठेवून निजा.