पडद्याला तीन सर कमी

एकदा एक कापडाचा व्यापारी म्हातारपणी कागदाचे मणी वळू लागला. हसू नका, तुमचीही पाळी येणार आहे. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा दूरच्या शहरात, दुकान भाड्याने दिलेलं. हाताला मापायला कापड नाही, तोंडाला घासाघीस करायला गिऱ्हाईक नाही. गावच्या देवळाच्या ओवरीत एक वृद्ध गुरुजी दर गुरुवारी ‘टाकाऊतून टिकाऊ’ शिकवीत. तिथे हा बासष्ट वर्षांचा शिष्य पोरीबाळींत मांडी ठोकून बसू लागला.

विद्या सोपी आणि स्वस्त. जुन्या लग्नपत्रिकेच्या निमुळत्या पट्ट्या कापायच्या, झाडूच्या काडीभोवती घट्ट गुंडाळायच्या, टोकाला खळ लावायची आणि काडी ओढून घ्यायची. झाला मणी! लाल-सोनेरी रंग आयताच मिळतो. गणपतीचं चित्र तेवढं आधी कापून बाजूला ठेवायचं, कारण देवाला गुंडाळू नये. एरवी कापडात गिऱ्हाइकाला गुंडाळणाऱ्याने हा नियम मात्र निष्ठेने पाळला. दारासाठी मण्यांचा पडदा करायला घेतला, अठरा सर झालेसुद्धा. पडदा सळसळला की तो मान वर करून बघे. वारा असे.

आणखी तीन सर हवे होते आणि सामान संपलं.

“गुरुजी, कोणाकडून तरी पत्रिका मिळवून द्या,” तो म्हणाला. “हल्ली येतच नाहीत. सगळे मोबाइलवर उरकतात.”

“असं? माझ्याकडे या महिन्यात पाच जण घरी येऊन देऊन गेले.” गुरुजींनी मिशीत हसून घेतलं. “उद्या येतो. तुझा पडदा तर बघू.”

दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने घर दोनदा झाडलं. दुसरी कपबशी फळीवरून काढली, तर तिच्यात कोळ्याने संसार थाटलेला. ती घासून पुसून ठेवली. गुरुजी आले, पडद्यापुढे उभे राहिले. शिष्य कौतुकाची वाट पाहत ताटकळला.

“परातीत कोमट पाणी आण,” गुरुजी म्हणाले.

पाय धुवायचे असतील, असं समजून त्याने आणलं. गुरुजींनी पहिला सर खिळ्यावरून उतरवला आणि सरळ परातीत बुडवला.

“अहो! अहो गुरुजी, काय करताय? तीन दिवस लागले त्याला!”

“सुटायला तीन मिनिटं पुरे. बस खाली.”

खळ विरघळली, मणी उलगडू लागले. गुरुजींनी एक ओली पट्टी डोळ्यांशी धरली. “‘चि. सौ. कां. मृदु…’ पुढचं कापलंयस.”

“मृदुला. दामू कुलथे सोनाराची थोरली.”

“बरं. जेवायला काय होतं?”

“गेलो नव्हतो.”

“‘…ज्ञ मंगल कार्यालय’. इथला मठ्ठा झकास असतो म्हणे.”

“ठाऊक नाही.”

“‘आमच्या लाडक्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ हे पोरांनी बोलावलंय रे. पोरांचं तरी ऐकलंस का?”

व्यापाऱ्याने मान हलवली. नाही. परातीतलं पाणी गुलाबी झालं होतं. तो म्हणाला, “ही गेली त्यानंतर एका लग्नाला गेलो होतो. दारात अक्षता वाटणारी पोर म्हणाली, ‘काकू मागून येतायत का?’ अक्षता मुठीत घेऊन तसाच परत आलो, गुरुजी. मग आलेली पत्रिका वाचवेना. टाकवेनाही. पहिल्या वर्षी पंधरा आल्या. मग नऊ. यंदा एकही नाही.”

गुरुजी थट्टा विसरले. पट्टी परातीच्या काठावर पसरून ठेवत ते म्हणाले, “बाबा रे, टाकाऊतून टिकाऊ करायला मी शिकवलं, पण टाकाऊ कशाला म्हणायचं, ते सांगायचं राहिलं. दोष माझा. पत्रावळ टाकाऊ होते ती जेवून उठल्यावर. तू भुकेला राहून तिचं तोरण केलंस. बोलावणारे दमले, मोबाइलला कशाला बोल लावतोस? दुखेल, पोरी विचारतील, तेही खरंच. पण ज्या घरात तिची आठवण निघते, तिथेच तुला ताट मांडलेलं असतं.”

चहा पिऊन गुरुजी गेले. सर तसाच भिजत राहिला.

रविवारी व्यापारी काखेत साडीची घडी घेऊन दामू कुलथ्याच्या दारात उभा राहिला. दामू सोनार अंगणात दात कोरीत बसला होता. त्याने नखशिखान्त न्याहाळलं.

“मृदुलाच्या लग्नाला आलात होय शेठ? लवकर आलात. पोरगी आत्ताशी दुसऱ्या खेपेची बाळंतीण आहे.”

“आहेर आणलाय,” व्यापारी पुटपुटला.

“पत्रिकेत छापलं होतं, आहेर आणू नये म्हणून. वाचता येत नाही का? आत चला. अगं, ताट वाढ!”

कुलथेवहिनींनी ताट आणलं. त्याच्याकडे बघितलं, त्याच्या मागच्या रिकाम्या उंबऱ्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरले. तेव्हा व्यापारीच म्हणाला, “ही असती तर तुमची आमटी दोनदा मागून घेतली असती, वहिनी.”

आणि त्याने वाटी पुढे केली.

तुमच्याही घरात एखादी पत्रिका टीव्हीमागे खोचलेली असेल. आधी तारीख बघा, कात्री मागाहून शोधा.