शिंपल्यांच्या गुहेतले अनवाणी साहेब

या, इकडे सावलीत या. तर ही गुहा. नकली आहे, आधीच सांगतो. डोंगर म्हणजे मातीचा ढीग, छतावरचे शिंपले चुन्यात चिकटवलेत, आणि ते टपटपणारं पाणी मागच्या टाकीतून येतं. तरी आत जाताना बूट काढायचे. या अख्ख्या इस्टेटीत फक्त इथेच.

त्याचं असं झालं म्हणे. अडीचशे वर्षांपूर्वी इथले मालक सर रूपर्ट यांनी हौसेनं ही गुहा बांधली. आता गुहा म्हटली की साधू हवा. तेव्हा इकडे इंग्लंडात श्रीमंत लोक बागेत पगारी साधू ठेवायचे. पण जो ठेवावा तो संध्याकाळी गुत्त्यात सापडायचा. शेवटी मालकांनी मालवणहून आणलेल्या आपल्या नोकराला, बाबलला, बसवलं. अट अशी, की सात वर्षं केस कापायचे नाहीत आणि एक शब्द बोलायचा नाही. मग जहाजानं घरी पाठवू. बोललास तर जन्मभर इथेच.

बाबलला घरी जायचं होतं. तो बसला. कोनाड्यात एक गोल दगड मांडून त्याला रोज फूल वाहायला लागला. मालकांना वाटलं, काम मनापासून करतोय.

शेवटच्या दिवशी सर रूपर्ट शिकारीवरून पाहुण्यांना घेऊन आत शिरले आणि चिखलाचा बूट त्यांनी थेट त्या कोनाड्यात टेकवला.

बाबलनं पायाकडे बोट दाखवलं. "सायबानू, आधी बूट भायर काढा."

झालं. घरी जायचं जहाज हातचं गेलं. सर रूपर्ट तसं म्हणालेसुद्धा. पण पाहुणे हटेनात. इतकी वर्षं गप्प बसलेला माणूस बोलला, तो बुटांबद्दल, म्हणजे यात काहीतरी असणारच. काय, ते कुणालाच कळेना. म्हणून सगळ्यांनी बूट बाहेर काढले, चरफडत सर रूपर्टनीही, आणि आत डोळे मिटून पुढच्या वाक्याची वाट बघत बसले.

बाबल उठून बाहेर गेला. सर रूपर्टचे बूट त्याला बरोबर झाले, असं सांगतात. तसाच तो बंदरावर पोचला. पोटापर्यंत दाढी आणि पायात असले बूट बघून कप्तानाला वाटलं, कुठलातरी राजा आलाय. त्यानं आपली खोली दिली. बाबल मालवणला पोचला.

आजही इथे सगळे बूट काढतात, आणि मालकांच्या घरातलं कुणीतरी त्या बुटांजवळ खुर्ची टाकून बसतं. ते बसलेत ना, ते सर रूपर्टचे वंशज. कशाला बसता विचारलं, तर म्हणाले, घरची रीत आहे, कारण माहीत नाही.

स्वतःचे बूट मात्र ते काढत नाहीत.